वाडीतला समुद्र

माझ्या सासऱ्यांनी घरामागच्या वाडीत समुद्र केला होता, आणि रोज दुपारी त्यात विहिरीचं पाणी घालायचं काम माझ्याकडे होतं. आज हे सांगितलं की नातसुना हसतात. तेव्हा आमच्या घरात कोणीच हसत नव्हतं. मी सतरा वर्षांची होते, लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि सांगितलेलं काम निमूट करायचं एवढंच मला ठाऊक होतं.

माझं माहेर गोंदियाचं. सासर तिरोड्याच्या अलीकडे, आगगाडीच्या एका लहानशा स्टेशनाजवळच्या गावात. घरी धानाची शेती. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची, सासूबाईंना आत्याबाई. घरात माणसं चारच: ते दोघं, माझे यजमान आणि मी. यजमान फार कमी बोलत. सकाळी शेतात जाताना "जातो" आणि आल्यावर "आलो", एवढ्यावर त्यांचा दिवस भागत असे.

माझं लग्न झालं त्याच हिवाळ्यात मामाजी गावातल्या मंडळींबरोबर जगन्नाथपुरीला जाऊन आले. साठीला टेकलेला माणूस, जन्मभर धानाच्या बांध्यांतलं, म्हणजे बांध घातलेल्या शेतांतलं, गुडघाभर पाणी पाहिलेला. देवाचं दर्शन कसं झालं ते त्यांनी दोन वाक्यांत उरकलं. समुद्राबद्दल मात्र ते पंधरा दिवस बोलत होते.

"एवढं पाणी, पोरी," ते मला म्हणाले, "एवढं पाणी! आन एक बांधी नाई त्याच्यात!"

त्यांना त्याचं खरोखर वाईट वाटलं होतं.

पुरीहून येताना त्यांनी दोन वस्तू आणल्या. एक, कोंब फुटलेला नारळ, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. तो त्यांनी गाडीत सगळा प्रवासभर मांडीवर धरला होता. दुसरी वस्तू म्हणजे झाळून बंद केलेला पत्र्याचा डबा, समुद्राच्या पाण्यानं भरलेला. नारळ विकणाऱ्यानं त्यांना बजावलं होतं की ह्या झाडाला समुद्राचं पाणी मिळालं तर ते जगेल, नाही तर जीव धरणार नाही. तो माणूस उडियात बोलत होता आणि मामाजींना उडिया येत नव्हती. तरी त्यांना ते नीट समजलं होतं.

नारळ त्यांनी वाडीत लावला, विहिरीपासून दहा-बारा हातांवर. रोज आंघोळ झाली की डब्यातलं एक पळीभर पाणी ते झाडाच्या बुडाशी घालत. महिन्याभरात डबा संपला, आणि संपला त्याच आठवड्यात पानाचं टोक पिवळं पडलं. मामाजींचं जेवणावरचं मन उडालं. आत्याबाई म्हणाल्या, "झाड हाये ते. पोरगं नाई."

"पोरगं रडून सांगते तरी," मामाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते बैलगाडी जुंपून बाजाराला गेले आणि खडेमिठाचं पोतं घेऊन आले.

झाडाला लागूनच त्यांनी खड्डा खणला. कमरेइतका खोल, आणि एक बैल आडवा झोपेल एवढा लांब. आतून चिकणमातीनं लिंपला, चार दिवस वाळू दिला, मग त्यात पाणी भरून मीठ ओतलं आणि वाशानं ढवळलं. झाडाच्या मुळाला पाणी हळूहळू मिळावं म्हणून तळाशी, झाडाच्या बाजूनं, त्यांनी लिंपण मुद्दाम पातळ ठेवलं होतं. पुढे जे झालं ते त्या पातळ लिंपणामुळे झालं, पण तेव्हा ते कोणाच्या ध्यानात आलं नाही.

आता प्रश्न पडला की मीठ किती. समुद्र किती खारट असतो हे गावात मामाजींखेरीज कोणी चाखलं नव्हतं, आणि पुरीला गेलेली बाकीची मंडळी म्हणे आंघोळ करताना तोंड मिटून होती. मामाजी ओंजळभर पाणी तोंडात घेत, डोळे मिटत आणि आठवत. "थोडं आजून," म्हणत. मग पुन्हा आठवत. तिसऱ्या-चौथ्या वेळेला त्यांची जीभ अशी बधिर झाली की त्यांना गूळही कळेना.

स्टेशनावर रुळांचे सांधे बदलणारा एक काटेवाला होता. समुद्रकाठचा, तेलुगू बोलणारा, काळासावळा, उंच माणूस. रेल्वेनं त्याला आमच्या धानाच्या मुलखात आणून टाकला होता. मामाजी स्वतः जाऊन त्याला घेऊन आले. त्यानं चूळभर पाणी तोंडात घेतलं आणि लगेच थुंकलं.

"इसको समंदर बोलते?" तो म्हणाला. "ये दाल है."

मामाजींनी आणखी मीठ घातलं. पुढच्या रविवारी तो पुन्हा आला, पुन्हा थुंकला, पण ह्या वेळी जरा विचार करून. तिसऱ्या रविवारी त्यानं पाणी तोंडात धरून ठेवलं आणि गिळलं. मग म्हणाला, "हाँ. अब हुआ." आणि मामाजींकडे पाहून हळूच विचारलं, "पाँव डालूँ?"

मामाजींनी त्याला बसायला पाट दिला. तेव्हापासून दर रविवारी दुपारी तो काटेवाला आमच्या वाडीत यायचा, समुद्रात पाय सोडून तासभर बसायचा आणि जायचा. आत्याबाई त्याला वाटीभर मुरमुरे देत. "परक्या मुलखातला माणूस हाये," म्हणत.

नारळाच्या झाडाला खरंच हिरवं पान फुटलं. मामाजींना झालेला आनंद मी विसरणार नाही. त्यांनी ते पान सगळ्या गावाला बोलावून दाखवलं.

बाकीच्यांचे मात्र हाल झाले. आधी माझी वांगी गेली. पानांच्या कडा तपकिरी होऊन आत वळल्या, जणू कोणी विस्तवावर धरल्या असाव्यात. मग मिरच्या, मग लिंबाचं झाड. पावसाळ्यात त्या बाजूनं जाणाऱ्या गोगलगाई फेसाळून जागीच मरत. गांडुळं जमिनीतून वर येऊन तडफडत. एक मोठा बेडूक वर्षानुवर्षं विहिरीच्या कठड्याखाली राहत होता. तो एका सकाळी उड्या मारत अंगणातून, ओसरीवरून, पुढच्या दारातून निघून गेला. मी दळत होते, मी डोळ्यांनी पाहिलं. परत आला नाही.

मामाजी म्हणाले, "ज्याले समुद्र नाई पायजे तो जाईन. काय करता?"

गुरांचं उलट. त्यांना समुद्र फारच आवडला. खड्ड्याच्या कडेला पाणी उडून वाळलं की मिठाचा पांढरा थर बसायचा, आणि त्याचा वास कसा कोण जाणे, गावातल्या सगळ्या गुरांना लागला. संध्याकाळी रानातून परतणारा कळप आमच्या घराशी आला की थांबायचा. गुराखी ओरडायचा, काठ्या मारायचा, पण गाई खड्ड्यालगतच्या वाडीच्या कुडाला तोंड लावून उभ्या. कुड चाटून चाटून त्यांनी त्याचं शेण-माती सगळं खाल्लं, आतल्या नुसत्या काड्या राहिल्या. शेजाऱ्याचे दोन बैल तर नांगर सोडला की घरी न जाता सरळ आमच्याकडे येत. एकदा त्यांतला एक आत घुसला आणि पोटभर प्यायला. मग तहानेनं वेडा होऊन त्यानं गुरांना पाणी ठेवायचं आमचं डोण रिकामं केलं, शेजाऱ्याचं डोण रिकामं केलं आणि तीन दिवस हगवणीनं आडवा पडला.

शेजारी भांडायला आला. "माह्या बैलाले काय पाजलं?"

"मी नाई पाजलं. तो स्वतःच्या पायानं आला," मामाजी म्हणाले. "आन समुद्राचं पाणी पेत नसते एवढं त्याले कळाले पायजे."

शेजाऱ्यानं ही गोष्ट बाजारात चार लोकांना सांगितली. वर्ष कोणतं होतं म्हणाल, तर समुद्रकाठी लोक सरकारचा कायदा मोडून मीठ उचलत होते आणि तुरुंगात जात होते, ते वर्ष. आमच्याकडे समुद्र नाही, म्हणून आमच्याकडची माणसं जंगलात जाऊन सरकारी गवत कापत आणि तुरुंगात जात. अशा दिवसांत तालुक्याला बातमी गेली की अमक्या गावात एका म्हाताऱ्यानं समुद्र केला आहे.

तालुक्याचा पोलीस जमादार आला तेव्हा सकाळची वेळ होती. बरोबर दोन शिपाई. मी दाराआडून पाहत होते.

"समंदर किधर है?" त्यानं विचारलं.

मामाजींनी त्याला वाडीत नेलं आणि दाखवला. जमादारानं खड्डा पाहिला, झाड पाहिलं, मग मामाजींना पाहिलं.

"मीठ बनवून राहिले का?"

"नाई जी. मीठ विरघळवून राहिलो."

"कायले?"

"झाडाले."

जमादारानं बोट बुडवून चाखलं आणि तोंड वाकडं केलं. मग त्याची नजर कडेच्या पांढऱ्या थरावर गेली. त्यानं छडीच्या टोकानं तो खरवडला. बोटभर मीठ निघालं.

"हे काय?"

मामाजी खाली वाकून पाहू लागले. "हे उन्हानं झालं जी," ते म्हणाले.

"पण झालं ना?"

"झालं."

जमादार पाटावर बसला आणि विचार करू लागला. दुकानातून आणलेलं मीठ पाण्यात घालणं गुन्हा नव्हता, हे त्यालाही कळत होतं. पण त्याच पाण्यातून मीठ पुन्हा वर येत होतं, आणि ते कोणी विकत आणलेलं नव्हतं. शिपायांपैकी एक म्हणाला की म्हाताऱ्याला धरून न्यावं. दुसरा म्हणाला की मग साहेब विचारतील, मीठ कुठं सापडलं, आणि आपल्याला सांगावं लागेल की तिरोड्याच्या समुद्रात. जमादाराला ते पटलं. शेवटी त्यानं हुकूम दिला.

"पाणी वाळू द्यायचं नाही. वाळलं की मीठ होते, आन मीठ झालं की गुन्हा होते. रोज वरून पाणी घाला. मी पंधरा दिवसांनी येऊन पाहीन. पांढरं दिसलं, तर घेऊन जाईन."

अशा रीतीनं समुद्राला पाणी घालायचं काम सरकारी हुकुमानं आमच्या घरात आलं, आणि घरातली सून मी असल्यामुळे ते माझ्याकडे आलं. रोज दुपारी ऊन तापलं की मी विहिरीतून दहा घागरी काढायची आणि कडेकडेनं ओतायची, पांढरं धुऊन जाईपर्यंत. वरून पाणी पडल्यावर समुद्र फिका व्हायचा. मग मामाजी मीठ वाढवत. काटेवाला रविवारी चाखून "हाँ" म्हणेपर्यंत वाढवत. जमादार दर पंधरा दिवसांनी यायचा, कडा पाहायचा आणि समाधानानं जायचा.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायला सुरुवात झाली.

"वरण खारट झालं," आत्याबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी मीठ कमी घातलं. "आजबी खारट," त्या म्हणाल्या. मी आणखी कमी केलं. घरातल्या सगळ्यांना तहान फार लागू लागली होती, आणि जितकं पाणी प्यावं तितकी ती वाढत होती. मामाजी म्हणत, ह्या वर्षी ऊन जास्त आहे. माझे वडील गोंदियाहून मला भेटायला आले. त्यांनी दोन घास खाल्ले, तीन तांबे पाणी प्यायले आणि जाताना मला बाजूला घेऊन गोंदियाच्या हिंदीत म्हणाले, "बेटा, हाथ सँभालके. नमक कम डाला कर." मी त्या दिवशी चुलीपाशी बसून रडले. माहेरी माझ्या हाताला चव आहे असं सगळे म्हणत.

मग आत्याबाईंच्या पायांवर सूज आली. आधी घोट्याला, मग पिंढऱ्यांपर्यंत. बोटानं दाबलं तर खड्डा पडायचा आणि भरून यायला वेळ लागायचा. तिरोड्याहून वैद्य आले. त्यांनी नाडी पाहिली आणि मीठ बंद करायला सांगितलं. सगळं जेवण अळणी.

मी त्यांचा भात, वरण, भाजी वेगळी करू लागले, मिठाचा एक खडाही न घालता. आठ दिवस झाले, सूज तशीच. नवव्या दिवशी आत्याबाईंनी ताट सरकवून दिलं.

"हे अळणी हाये?" त्या मला म्हणाल्या. "काऊन खोटी बोलून राहिली? मले मारायले निघाली का तू?"

मी शपथ घेतली. कोणी विश्वास ठेवला नाही. यजमान ताटात पाहत राहिले. मला सगळ्यांत जास्त राग त्यांचाच आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शेतावर निघाले तेव्हा मी मिठाचं गाडगं फडक्यानं बांधून त्यांच्या हातात दिलं. घरात दुसरं मीठ नव्हतं, समुद्रासाठी आणलेलं पोतंही आदल्या दिवशी संपलं होतं.

"हे घेऊन जा," मी म्हटलं. "संध्याकाळी आणा."

"कायले?"

"आणा तं खरं."

त्या दिवशी मी चौघांचाही स्वयंपाक मिठाशिवाय केला. दिवेलागणीला सगळे जेवायला बसले. यजमानांनी गाडगं पाटाशेजारी ठेवलं होतं. मामाजींनी वरणभाताचे चार घास खाल्ले आणि बऱ्याच दिवसांनी माझ्याकडे मायेनं पाहिलं.

"आज मीठ बरोबर पडलं, सूनबाई," ते म्हणाले.

यजमानांनी गाडगं उचलून मामाजींच्या ताटासमोर ठेवलं. "मीठ दिवसभर माह्यापाशी होतं," ते म्हणाले. "गाठबी मीच सोडून राहिलो."

मामाजी तसेच उष्ट्या हातानं उठले, विहिरीवर गेले, पोहरा सोडला आणि ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. त्यांनी डोळे मिटले. खड्ड्याचं पाणी चाखताना मिटायचे तसेच. मग आत आले आणि आत्याबाईंच्या पायाशी खाली बसले. त्यांच्या पायावर त्यांनी एक बोट दाबलं आणि पडलेला खड्डा भरून येईपर्यंत पाहत राहिले.

"म्या पाजलं तुले समुद्र," ते म्हणाले.

"पुरीले नेलं असतं तं एवढं महाग पडलं नसतं," आत्याबाई म्हणाल्या. त्यांना पुरीला जायचं होतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मामाजींनाही तेव्हाच कळलं असावं.

समुद्र काढायचा ठरला. पण तो टाकायचा कुठं? आमच्या बांधीत टाकला तर धान जाणार. नाल्यात सोडला तर तो खालच्या शेजाऱ्याच्या बांधीत जाणार, आणि तो काठी घेऊन कुडाशी उभाच होता. वाळू द्यावा तर जमादाराचा हुकूम आडवा. मामाजींनी जमादारालाच विचारायला माणूस पाठवला. जमादारानं निरोप दिला की समुद्र गावाबाहेर न्यावा, वाहत्या पाण्यात सोडावा, आणि सोडताना आपण हजर राहू.

घासलेटचे रिकामे डबे, रांजण, गुऱ्हाळातली मोठी कढई, सगळं गोळा केलं. दोन गाड्या जुंपल्या. वैनगंगेपर्यंतचा रस्ता एरवी दोन तासांचा, पण बैल दर थोड्या वेळानं थांबून मागे वळायला पाहत. डब्यांतून पाणी हिंदकळून साटीवर, गाडीच्या फळ्यांवर, सांडत होतं आणि मागच्या गाडीचे बैल पुढच्या गाडीची साटी चाटत चालले होते. अशा तीन खेपा झाल्या, दोन दिवस गेले. शेवटच्या खेपेला मीही गेले, कारण आत्याबाईंना गाडीत घालून नदीवर न्यायचं मामाजींनी ठरवलं होतं. काटेवाल्यानं त्या दिवसाची रजा घेतली होती. जमादार घोड्यावरून बाजूनं चालला होता आणि कुठं पांढरं वाळलं तर नाही ना, ते पाहत होता.

नदीवर मामाजी मधल्या धारेपर्यंत उतरले. माशांना एकदम त्रास नको म्हणून ते एकेक डबा लांब लांब जाऊन हळू ओतत होते. काटेवाला डबे पुढे करत होता. शेवटचा डबा त्यानं स्वतः ओतला. मग आत्याबाईंना म्हणाला, "अम्मा, ये नदी आगे गोदावरी में जाती. गोदावरी हमारे गाँव के पास समंदर में जाती. ये पानी घर जाएगा."

मामाजींनी हे लक्ष देऊन ऐकलं. "किती दिवसात?"

काटेवाल्यानं बोटं मोजली. "महीना. डेढ़ महीना."

"पोहोचलं का ते पाहा," मामाजी म्हणाले.

दोन महिन्यांनी तो गावी जाऊन आला आणि स्टेशनावरून सामान ठेवायच्या आधी सरळ आमच्याकडे आला. "पहुँच गया," तो म्हणाला. "चखा मैंने."

मामाजींनी समाधानानं मान हलवली. जमादारालाही त्यांनी तसं कळवलं.

नारळाचं झाड समुद्राशिवाय मरेल असं मामाजींना वाटलं होतं. पण ते मेलं नाही. उलट दुसऱ्या पावसाळ्यानंतर जोरानं वाढलं. त्या गोष्टीचा मामाजींनी मनाला थोडा त्रास करून घेतला. नारळवाल्यानं नेमकं काय सांगितलं होतं, ते कोणा उडिया माणसाला विचारायला हवं होतं, असं ते पुढे एकदा म्हणाले. पुढच्या हिवाळ्यात ते आत्याबाईंना पुरीला घेऊन गेले. परत आल्यावर आत्याबाईंना विचारलं, समुद्र कसा होता? त्या म्हणाल्या, "मोठा हाये. पण आपल्या खड्ड्यापेक्षा थंड होता."

त्यांची सूज त्याआधीच, गोडं पाणी सुरू झाल्यावर महिन्याभरात उतरली होती. आमची विहीर मात्र लवकर सुधारली नाही. मोटा लावून उपसली, पावसाचं पाणी आत घेतलं, तरी दोन वर्षं तिचं पाणी जिभेला लागत होतं. ती दोन वर्षं मी सकाळ-संध्याकाळ डोक्यावर घागरी घेऊन गावविहिरीवर जायची. तिथं बायका भेटायच्या. त्याआधी लग्न होऊन वर्ष झालं तरी मला गावात कोणी मैत्रीण नव्हती, कारण घरची विहीर असलेल्या सुनेला बाहेर पडायचं कारणच नसे. पहिल्या दिवशी एकीनं माझी घागर उचलून डोक्यावर ठेवायला हात दिला आणि विचारलं, "समुद्रवाल्याची सून तूच का वो?" मी हो म्हटलं, तशा सगळ्या जणी जवळ सरकल्या. त्यांना पहिल्यापासून सगळं ऐकायचं होतं. मी घागर पुन्हा खाली ठेवली.